जन्मगावाच्या नावावर ठरणारी रांग

अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला एक पत्रक काढतं. त्याचं नाव 'व्हिसा बुलेटिन'. मजकूर थोडा, तक्ते जास्त. तक्त्याच्या डाव्या बाजूला अर्जांचे वर्ग, वरच्या ओळीत देश आणि चौकटींमध्ये तारखा. न्यू जर्सीतल्या एडिसनपासून सिअ‍ॅटलपर्यंत लाखो भारतीय घरांत या पत्रकाची वाट पाहिली जाते, आणि आलं की त्यातली एकच चौकट पाहिली जाते, 'इंडिया' या नावाखालची. तारीख पुढे सरकली का? किती आठवडे? सरकली नसेल तर विषय पुढच्या महिन्यावर जातो. २०२५ संपत आलं तेव्हा नोकरीच्या मार्गाने ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी, अर्ज करणाऱ्या बहुसंख्य भारतीयांच्या दोन वर्गांत, ईबी-२ आणि ईबी-३ मध्ये, २०१३ सालातल्या तारखा चालू होत्या. म्हणजे बारा वर्षांपूर्वी अर्ज केलेल्यांची पाळी नुकती येत होती.

इकडे पुण्या-नाशकात, सांगली-कोल्हापुरात ज्या घरांतली मुलं तिकडे आहेत, तिथे हा विषय निघतो तो वेगळ्या सुरात. "काय रे, झालं का ग्रीन कार्ड?" आणि पाठोपाठ, "अमक्याच्या जावयाला तर दोन वर्षांत मिळालं." विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण त्यामागची समजूत अशी असते की ग्रीन कार्ड म्हणजे हुशारीचं, हुद्द्याचं किंवा चांगल्या वकिलाचं फळ, आणि ज्याला मिळत नाही त्याचंच काहीतरी कमी पडतंय. ही समजूत साफ चुकीची आहे. पंधरा-पंधरा वर्षं प्रामाणिकपणे काम करणाऱ्या, कर भरणाऱ्या माणसाला आपल्याच माणसांसमोर खाली मान घालावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्या रांगेत तुमची जागा बहुतांशी तुमच्या जन्माच्या गावावरून ठरते. हे कसं, ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

१९२३ मध्ये भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने 'गोरा' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंद पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्याच सैन्यात होते, पण त्याचा उपयोग झाला नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या कायद्याने देशोदेशीचे कोटे असे बांधले की उत्तर आणि पश्चिम युरोपला झुकतं माप मिळालं आणि आशियाला जवळजवळ दार बंद झालं. १९४६ मध्ये ल्यूस-सेलर कायद्याने भारताला वर्षाला १०० जागा दिल्या. अख्ख्या देशाला शंभर!

हे सगळं बदललं ते ३ ऑक्टोबर १९६५ रोजी. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या पायथ्याशी हार्ट-सेलर कायद्यावर सही केली. वंशावर आणि मूळ देशावर बांधलेले जुने कोटे गेले. त्यांच्या जागी आलेला विचार साधा होता: सगळे देश सारखे. कुठल्याच एका देशाने सगळ्या जागा अडवू नयेत म्हणून प्रत्येक देशाला सारखी कमाल मर्यादा. त्या काळात हे मोठंच न्याय्य पाऊल होतं. साठ-सत्तरच्या दशकात आपल्याकडून गेलेले डॉक्टर आणि इंजिनिअर याच कायद्याने गेले. भारतातून अर्जच इतके कमी जात की मर्यादेला कोणी पोचत नसे. त्यातले अनेकजण तर विमानातून उतरतानाच कायमच्या वास्तव्याचा परवाना घेऊन उतरले. ज्या पिढीने पुढे १९८१ मध्ये उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळ उभं केलं, तिच्या आठवणींत ग्रीन कार्डासाठी ताटकळण्याचा प्रसंग क्वचितच येतो. कारण तेव्हा रांगच नव्हती. आजच्या मुलांची तुलना त्या काका-मामांशी करताना ही गोष्ट विसरली जाते.

आज चालू असलेलं गणित १९९० च्या कायद्यातलं आहे. नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं. त्यांत अर्जदाराची बायको किंवा नवरा आणि मुलंही मोजायची. कुठल्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण जागांच्या ७ टक्क्यांहून जास्त नाहीत. हा टक्का भारतालाही तोच आणि जेमतेम चार लाख वस्तीच्या आइसलँडलाही तोच. आता ईबी-२ घ्या. पदव्युत्तर शिक्षण, किंवा पदवी आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा चढता अनुभव असलेल्यांचा हा वर्ग. त्याच्या वाट्याला वर्षाला ४०,०४० जागा. त्याचे ७ टक्के म्हणजे २,८०३. नवरा, बायको आणि दोन मुलं असं घर धरलं तर ही सातशे कुटुंबांची सोय झाली. इतर देशांनी न वापरलेल्या जागा सर्वांत जुन्या अर्जांकडे वळतात, त्यामुळे प्रत्यक्षात भारतीयांना याहून जास्त कार्डं मिळतात. पण मुळातलं माप हे इतकं लहान आहे.

आणि त्याच कायद्याने दुसऱ्या बाजूचं दार मात्र मोठं ठेवलं. एच-१बी हा कामाचा व्हिसा १९९० मध्येच आजच्या स्वरूपात आला, वर्षाला ६५,००० जागांचा. त्याला देशवार मर्यादा नाही. संगणकांचं काम वाढलं, वाय-टू-केची धावपळ झाली आणि २००१ ते २००३ या वर्षांत ही संख्या १,९५,००० पर्यंत नेली गेली. पुढे ती पुन्हा ६५,००० वर आली, आणि अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० जागा मिळाल्या. अलीकडच्या वर्षांत मंजूर होणाऱ्या एच-१बींपैकी सत्तर टक्क्यांच्या आसपास भारतीयांचे असतात. कामाला बोलावताना जन्मदेश पाहायचा नाही आणि राहू देताना तोच पाहायचा, या विसंगतीतून ही रांग जन्मली. वॉशिंग्टनमधल्या केटो इन्स्टिट्यूटने २०२३ मध्ये केलेल्या मोजणीत नोकरीच्या मार्गाने तुंबलेल्या अर्जदारांची संख्या अठरा लाख निघाली. त्यांत भारतीय अकरा लाख. आज नव्याने ईबी-२ मध्ये शिरणाऱ्या भारतीयाची पाळी त्याच्या हयातीत येण्याची शक्यता फारशी नाही, हे त्या अभ्यासातलं अनुमान कोणीही वरच्या आकड्यांवरून ताडून पाहू शकतो.

जन्मदेश म्हणजे नागरिकत्वाचा देश नव्हे, हा मुद्दा पुष्कळांना ठाऊक नसतो. भारतीय पासपोर्ट असलेला पण वडिलांच्या नोकरीमुळे मस्कतला किंवा कुवेतला जन्मलेला मुलगा ओमानच्या किंवा कुवेतच्या खात्यात मोजला जातो आणि त्याचं काम झपाट्याने होतं. उलट कोणी भारतात जन्मून नंतर कॅनडाचं नागरिकत्व घेतलं, तर तो भारताच्याच रांगेत राहतो. नवरा-बायकोपैकी एकाचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर दोघांनाही त्या देशाच्या खात्यात जाता येतं. "अमक्याच्या जावयाला दोन वर्षांत मिळालं" असं जे म्हणतात त्यामागे पुष्कळदा असंच काही असतं. किंवा तो जावई ईबी-१ मधला असतो, म्हणजे नामवंत संशोधक वा परदेशी शाखेतून बदलून आलेला वरिष्ठ अधिकारी. किंवा त्याचं लग्न अमेरिकन नागरिकाशी झालेलं असतं. नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक मर्यादा नाही.

अर्जाची वाट तीन टप्प्यांची आहे. पहिल्याला आपली मुलं नुसतं 'लेबर' किंवा 'पर्म' म्हणतात. २००५ पासून चालू असलेल्या या पद्धतीत कंपनीला कामगार खात्यापुढे दाखवावं लागतं की या जागेसाठी लायक आणि तयार अमेरिकन मिळाला नाही. आधी त्या भागातला चालू पगार सरकारकडून ठरवून घ्यायचा. मग दोन रविवारी वृत्तपत्रात जाहिरात, राज्याच्या रोजगार कचेरीत तीस दिवस नोंद, शिवाय भरतीचे आणखी तीन मार्ग. आलेल्या प्रत्येक उमेदवाराचा विचार करून, नाकारल्यास कारण लिहून ठेवायचं. या टप्प्याचा खर्च कंपनीनेच करायचा असतो. तो कर्मचाऱ्याकडून वसूल करणं बेकायदा आहे. गेल्या काही वर्षांत एवढ्याच टप्प्याला वर्षाहून जास्त वेळ लागतो. पण हा अर्ज ज्या दिवशी खात्यात दाखल होतो ती तारीख अर्जदाराला जन्मभर पाठ राहते. तीच प्रायॉरिटी डेट. रांगेतला क्रमांक म्हणजे ती तारीख.

दुसरा टप्पा आय-१४०. कंपनी खरी आहे, पगार देण्याची तिची ऐपत आहे आणि माणसाचं शिक्षण जागेला साजेसं आहे, हे इथे तपासलं जातं. आपल्याकडची तीन वर्षांची बी.एस्सी. किंवा बी.कॉम. तिकडच्या चार वर्षांच्या पदवीच्या बरोबरीची सहसा धरत नाहीत, त्यामुळे अडचण आली तर ती इथेच येते. एरवी हा टप्पा लवकर उरकतो. जादा फी भरली की काही आठवड्यांत उत्तर. आय-१४० मंजूर झालं की प्रायॉरिटी डेट माणसाची स्वतःची होते. पुढे नोकरी बदलली तर नव्या कंपनीला लेबर आणि आय-१४० पुन्हा करावं लागतं, पण तारीख जुनीच राहते. नोकरी बदलायला घाबरणाऱ्या अनेकांना हे नीट सांगितलेलं नसतं.

तिसरा टप्पा आय-४८५, म्हणजे खुद्द ग्रीन कार्डाचा अर्ज. आणि तो भारतीयाला लगेच करताच येत नाही. बुलेटिनमधली तारीख आपल्या तारखेपर्यंत पोचली, 'डेट करंट झाली', की मगच. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याच्या मधली ही जागा म्हणजेच ती बारा-पंधरा-वीस वर्षांची रांग.

एच-१बी तर सहा वर्षांचा. मग माणसं इतकी वर्षं राहतात कशी? याचं उत्तर २००० सालच्या एका कायद्यात आहे, ज्याला सगळे एसी-२१ म्हणतात. आय-१४० मंजूर असेल आणि तारीख आली नसेल तर एच-१बी तीन-तीन वर्षांनी वाढवत राहता येतो, कितीही वेळा. हा कायदा नसता तर लाखो कुटुंबं सहाव्या वर्षी परत आली असती. मला मात्र असंही वाटतं की याच सवलतीने रांगेचं दुखणं अमेरिकेच्या संसदेच्या नजरेआड केलं. माणसं काम करत राहिली, कंपन्यांचं अडलं नाही, आणि मुळातली मर्यादा बदलण्याची निकड कोणालाच उरली नाही.

या मुदतवाढीच्या जगण्याला किती बारीक काटे आहेत ते बाहेरून दिसत नाहीत. नोकरी गेली तर साठ दिवस. तेवढ्यात नवी कंपनी शोधून तिच्याकडून अर्ज दाखल झाला नाही, तर मुलांची शाळा, घराचं कर्ज, गाडी, सगळं सोडून निघावं लागतं. २०२२ च्या शेवटापासून मोठ्या तंत्रज्ञान कंपन्यांत झालेल्या कपातीत हे साठ दिवस अनेक मराठी घरांनी मोजले. दुसरा काटा पासपोर्टातल्या शिक्क्याचा. अमेरिकेत राहण्याची मुदत वाढली तरी व्हिसाचा शिक्का वाढत नाही. देशाबाहेर पाऊल ठेवलं की परतण्यापूर्वी वकिलातीत जाऊन नवा शिक्का घ्यावा लागतो, आणि मुलाखतीची वेळ कधी मिळेल याचा भरवसा नसतो. वडील आजारी आहेत म्हणून धावत यायचं की नोकरी टिकवायची, हा पेच त्यातून येतो. जो मुलगा अंत्यविधीला पोचू शकला नाही त्याच्याबद्दल गावात दोन शब्द वाईट बोलले जातात; त्या शिक्क्याबद्दल कोणी बोलत नाही.

बायकांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. एच-१बीवाल्याच्या जोडीदाराला एच-४ मिळतो आणि २०१५ पर्यंत त्यावर कामाची परवानगीच नव्हती. इथून एम.ई., सी.ए., बी.डी.एस. होऊन गेलेल्या मुली दहा-दहा वर्षं घरात बसल्या. मे २०१५ पासून नियम बदलला आणि नवऱ्याचं आय-१४० मंजूर असेल तर पत्नीला काम करता येऊ लागलं. त्या नियमाविरुद्ध झालेला खटला जवळजवळ दहा वर्षं चालला. शेवटी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो ऐकायला नकार दिला आणि नियम टिकला. तरी एच-४ ही मुळात दुसऱ्याच्या नावावरची जागा. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी कॅन्सस राज्यातल्या ओलेथ गावी श्रीनिवास कुचिभोतला या हैदराबादच्या इंजिनिअरची वंशद्वेषातून हत्या झाली. पत्नी सुनयना दुमाला यांच्या दुःखाला दुसऱ्याच दिवसापासून आणखी एक प्रश्न जोडला गेला. नवरा गेला तशी त्याच्यावर अवलंबून असलेली त्यांची अमेरिकेत राहण्याची मुभाही गेली होती. तिथल्या खासदार केव्हिन योडर यांनी खटपट केली म्हणून त्या अमेरिकेत परतू शकल्या. हेच योडर पुढे देशवार मर्यादा उठवण्याच्या विधेयकाचे पुरस्कर्ते झाले.

मुलांचं गणित सर्वांत क्रूर आहे. आई-वडिलांच्या अर्जात मूल धरलं जातं ते अविवाहित आणि एकवीस वर्षांखालचं असेपर्यंत. समजा मुलगी सहा वर्षांची असताना घराची तारीख पडली आणि पाळी यायला सोळा वर्षं लागली, तर ती बाविसाव्या वर्षी अर्जातून बाहेर पडलेली असते. आई-बाबांना कार्ड, तिला नाही. एकविसाव्या वाढदिवसाला एच-४ संपतो. मग विद्यार्थी व्हिसा घ्या, परदेशी विद्यार्थ्याची फी भरा किंवा ज्या देशाची फक्त सुट्टीतली आठवण आहे तिथे परत या. तिचा धाकटा भाऊ अमेरिकेत जन्मला असेल तर तो जन्मतः नागरिक. एकाच घरात दोन न्याय.

२००२ च्या एका कायद्याने यावर थोडा उतारा दिला. आय-१४० चा निकाल लागायला जितके दिवस लागले तितके मुलाच्या वयातून वजा करायचे. म्हणून मुलं मोठी असणाऱ्यांनी त्या टप्प्यावर घाईची जादा फी भरण्यापूर्वी वकिलाशी बोलावं. निकाल पंधरा दिवसांत लागला तर वयातून वजाही पंधराच दिवस होतात. बुलेटिनमध्ये २०१५ पासून दोन तक्ते असतात, एक अर्ज भरण्याच्या तारखांचा आणि एक अंतिम मंजुरीच्या तारखांचा. वय कुठल्या तक्त्यावर गोठवायचं हेही बदलत राहतं. २०२३ मध्ये पहिला, पुढच्या तारखा असलेला तक्ता धरायला सुरुवात झाली होती. १५ ऑगस्ट २०२५ पासून पुन्हा दुसरा धरतात. त्या एका फेरबदलाने कित्येक मुलांच्या हातचा वेळ गेला. बेकायदा आलेल्या मुलांना २०१२ मध्ये डाका योजनेने काही संरक्षण दिलं, पण कायदेशीर कागदपत्रांवर वाढलेली ही मुलं त्यात बसत नाहीत. दीप पटेल या तरुणाने स्थापन केलेली 'इम्प्रूव्ह द ड्रीम' ही संघटना त्यांच्यासाठी झगडते आहे. विधेयकं मांडली जातात. मंजूर झालेली नाहीत.

तारीख नेहमी पुढेच सरकते असंही नाही. एप्रिल २०१२ मध्ये भारताच्या ईबी-२ ची तारीख १ मे २०१० पर्यंत आली होती. लोकांनी वैद्यकीय तपासण्या करून घेतल्या, फाइली बांधल्या. ऑक्टोबरात तीच तारीख १ सप्टेंबर २००४ वर गेली. पण मागे-पुढे होण्याच्या या इतिहासात सर्वांत विलक्षण प्रकरण जुलै २००७ चं. त्या महिन्याच्या पत्रकात नोकरीचे जवळजवळ सगळे वर्ग अचानक 'करंट' झाले, म्हणजे कोणीही अर्ज करावा. माणसांनी सुट्ट्या रद्द केल्या, भारतात आलेले घाईने परतले, डॉक्टरांकडे रांगा लागल्या. आणि २ जुलैला, अर्ज स्वीकारण्याच्या पहिल्याच कामाच्या दिवशी, सरकारने जाहीर केलं की या वर्षीच्या जागा संपल्या, अर्ज घेणार नाही.

चिडलेल्या लोकांनी काय करावं? आदल्याच वर्षी 'लगे रहो मुन्नाभाई' हा चित्रपट येऊन गेला होता आणि विरोधकाला फुलं पाठवण्याची त्यातली युक्ती ताजी होती. १० जुलैला नागरिकत्व खात्याचे संचालक एमिलिओ गोन्झालेझ यांच्या कचेरीत फुलांचे गुच्छ येऊ लागले, शेकडो. देशभरातून भारतीयांनी पाठवलेले, शुभेच्छांच्या चिठ्ठ्यांसह. खात्याने ती फुलं वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातल्या जखमी सैनिकांकडे पाठवून दिली. तिकडच्या वृत्तपत्रांत 'गांधीगिरी' हा शब्द छापून आला. खटल्याची तयारी आणि काही खासदारांचा दबाव हेही बरोबरीने होतंच. १७ जुलैला सरकारने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज स्वीकारले. तीन लाखांच्या घरात अर्ज आले. त्यातल्या अनेकांना प्रत्यक्ष कार्ड पुढे कितीतरी वर्षांनी मिळालं, पण आय-४८५ नुसता दाखल झाला तरी आयुष्य बदलतं. नवरा-बायको दोघांना काम करण्याची परवानगी, शिक्क्याशिवाय परदेशी जाऊन येण्याचा कागद, आणि १८० दिवसांनंतर त्याच प्रकारच्या कामासाठी कंपनी बदलण्याची मुभा. ऑक्टोबर २०२० मध्ये पुन्हा एक फट उघडली. अर्ज भरण्याच्या तक्त्यात ईबी-३ ची तारीख १ जानेवारी २०१५ वर गेली आणि ईबी-२ ची २०११ मध्येच राहिली. तेव्हा हजारो भारतीयांनी वरचा वर्ग सोडून खालच्या वर्गात नवा आय-१४० भरला आणि आय-४८५ दाखल करून टाकला. अशा वेळी ज्यांची कागदपत्रं घरात तयार होती तेच महिन्याभरात अर्ज करू शकले.

इथे महाराष्ट्रातल्या घरच्यांचा खरा वाटा येतो. अर्जाला लागणारा सर्वांत अडणारा कागद म्हणजे जन्माचा दाखला. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, पण खेड्यांतून नोंदी व्हायला पुढेही बराच काळ गेला. नोंद सापडली तरी नावाच्या जागी नुसतं 'मुलगा' किंवा 'मुलगी'. नाव बारशाला ठेवलं, ते पुन्हा जाऊन लिहवून घ्यायचं राहिलं. कुठे आईचं माहेरचं नाव, कुठे वडिलांचं आडनाव गाळून गावाचं नाव. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख लिहून टाकली, तीच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, तीच पासपोर्टवर. नगरपालिकेच्या वहीत मात्र खरी तारीख. मुलींच्या बाबतीत लग्नानंतर आडनाव बदललेलं, पुष्कळदा पहिलं नावही. या प्रत्येक फरकाचं स्पष्टीकरण अमेरिकन अधिकाऱ्यापुढे कागदावर द्यावं लागतं.

म्हणून ज्या आई-वडिलांची मुलं रांगेत आहेत त्यांनी तारीख येण्याची वाट न पाहता आजच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन दाखला काढावा. त्यावर मुलाचं पूर्ण नाव, दोन्ही पालकांची नावं, जन्मस्थळ आणि नोंदणीची तारीख हवी. नोंद नसेल तर तसं लेखी देणारा अनुपलब्धतेचा दाखला मागावा. शिवाय जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं करून ठेवावीत, आणि ती आजी, आत्या, मामा हयात आहेत तोवर करावीत. विवाह नोंदणीचा दाखलाही तपासून घ्यावा. लग्नपत्रिका आणि फोटो त्याची जागा घेत नाहीत. या कामात इथल्या एका माणसाचे चार हेलपाटे वाचवतात ते तिकडच्या कुटुंबाचं एखादं वर्ष असू शकतं.

देशवार मर्यादा उठवण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं नाही. २०११ मध्ये प्रतिनिधिगृहाने ३८९ विरुद्ध १५ मतांनी विधेयक मंजूर केलं, ते सेनेटमध्ये अडलं. जुलै २०१९ मध्ये पुन्हा ३६५ विरुद्ध ६५. या वेळी डिसेंबर २०२० मध्ये सेनेटनेही एक मसुदा मंजूर केला, पण दोन्ही सभागृहांचे मसुदे वेगळे होते आणि ते जुळवण्याआधी त्या संसदेची मुदत संपली. २०२२ मध्ये आणखी एक विधेयक मतदानाला येता येता मागे घेतलं गेलं. विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. एकूण जागा न वाढवता मर्यादा उठवली तर पुढची काही वर्षं जवळजवळ सगळ्या जागा भारतीयांकडे जातील आणि फिलिपिन्सची परिचारिका, नायजेरियाचा प्राध्यापक, इराणचा संशोधक नव्या रांगेत ढकलला जाईल. मला पटतं ते असं की जागा वाढवल्याशिवाय हे सुटणार नाही, आणि सध्याचा वारा तर उलट दिशेचा आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशातून येणाऱ्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरची रक्कम बसवली गेली. जे आज निघण्याच्या विचारात आहेत त्यांनी कॅनडा, जर्मनी, ऑस्ट्रेलिया यांचे नियम शेजारी ठेवून पाहावेत. तिथे जन्मदेशावरून अशी रांग लागत नाही.

कार्ड हाती आल्यावरही बंधनं संपत नाहीत. ते दहा वर्षांनी नवं करायचं. सलग वर्षभराहून जास्त काळ बाहेर राहिलं आणि आधी परवाना काढलेला नसला तर ते हातचं जाऊ शकतं, त्यामुळे इथे आई-वडिलांपाशी दीड-दोन वर्षं येऊन राहणं सहज जमत नाही. आणि ग्रीन कार्डधारकाला आई-वडिलांना कायमचं बोलावण्याचा अधिकार नाही. तो नागरिकालाच आहे. नागरिकत्वाचा अर्ज साधारण पाच वर्षांनी करता येतो आणि ते घेतलं की भारताचा पासपोर्ट परत करावा लागतो. २०१३ ची तारीख असलेल्या, पस्तिशीत अर्ज केलेल्या माणसाला कार्ड मिळेल तेव्हा तो अठ्ठेचाळीस-एकोणपन्नास वर्षांचा असेल, नागरिक होईल तेव्हा चोपन्न-पंचावन्नचा आणि आई-वडील ऐंशी ओलांडलेले. त्यांच्यासाठीच्या अर्जाला ना वार्षिक मर्यादा, ना देशाची टक्केवारी. तो वर्ष-दीड वर्षात निकाली निघू शकतो.